व्होल्टेज आणि करंटवरून रेझिस्टन्स आणि पॉवर काढताना गाडी नेमकी कुठे अडते

फॉर्म्युले दोनच आहेत आणि ते बहुतेकांना पाठ असतात. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स, आणि व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर. तरीपण प्रत्यक्ष मीटर घेऊन बसलं की उत्तरं चुकतात, आणि चूक भागाकारात नसते, ती त्याच्या आधीच झालेली असते, म्हणजे व्होल्टेज एका जागेचं घेतलेलं असतं आणि करंट दुसऱ्याच जागेचा. म्हणून या लेखात एक गोष्ट मी परत परत सांगणार आहे, कंटाळा आला तरी: ज्या पार्टचा रेझिस्टन्स किंवा पॉवर काढायचीय त्याच पार्टच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज, त्याच पार्टमधून जाणारा करंट, आणि दोन्ही एकाच वेळचे. हे जमलं की बाकी सगळं कॅल्क्युलेटरचं काम आहे.

व्होल्टेज भागिले करंटचा हा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो त्या जॉर्ज सायमन ओहमने १८२७ मध्ये आपलं काम पुस्तकरूपात छापलं तेव्हा त्याच्यापुढेही हीच अडचण होती. त्या काळातल्या बॅटऱ्या लोड लावला की लगेच मान टाकायच्या, त्यामुळे रीडिंग घेईपर्यंत व्होल्टेज बदललेलं असायचं. शेवटी त्याने बॅटरी बाजूला ठेवून थर्मोकपल वापरलं, म्हणजे दोन वेगळ्या धातूंचा जोड, ज्याचं एक टोक गरम आणि एक गार ठेवलं की व्होल्टेज तयार होतं, त्यातून व्होल्टेज अगदी थोडं मिळतं पण ते जागचं हलत नाही. तेव्हा आपणसुद्धा रीडिंग स्थिर होईपर्यंत दहा सेकंद थांबायला हरकत नाही.

आधी युनिट नीट करा

आकडेमोडीत सगळ्यात जास्त घोळ मिलीअँपमुळे होतो. फॉर्म्युल्यात व्होल्ट, अँपिअर, ओहम आणि वॅट असेच जातात, मिलीअँप जात नाही. मीटर २० मिलीअँप दाखवतोय आणि सप्लाय १२ व्होल्ट आहे, तर १२ ÷ २० = ०.६ ओहम असं लिहून मोकळे होणारे बरेच आहेत. बरोबर असं: २० मिलीअँप म्हणजे ०.०२ अँपिअर, आणि १२ ÷ ०.०२ = ६०० ओहम. इथे एक शॉर्टकट आहे जो इलेक्ट्रॉनिक्सवाले दिवसभर वापरतात, व्होल्टला थेट मिलीअँपने भागलं तर उत्तर किलोओहममध्ये येतं, आणि व्होल्ट गुणिले मिलीअँप केलं तर मिलीवॅट. म्हणजे ते ०.६ चुकीचं नव्हतंच, फक्त ते ०.६ किलोओहम होतं. ही सवय लागली की दशांश चिन्ह इकडेतिकडे व्हायचं बंद होतं.

मीटर कसा लावायचा

सुरुवात डीसीवर करा, १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर किंवा बॅटरी घ्या, घरातल्या मेन्सवर पहिल्यांदा प्रयोग करू नका. करंट मोजायला मीटर सर्किटच्या मध्ये घालावा लागतो, सिरीजमध्ये, म्हणजे एक वायर सोडवायची आणि तिच्या दोन टोकांमध्ये मीटर बसवायचा, लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये. किती करंट येईल याचा अंदाज नसेल तर कायम मोठ्या रेंजपासून सुरू करायचं. व्होल्टेज मोजायला मात्र काहीच सोडवायचं नाही, पार्टच्या दोन्ही टोकांना प्रोब टेकवायचे, पॅरललमध्ये.

आणि आता महत्त्वाचं. करंट मोजून झाला की लाल प्रोब तिथून काढून परत व्होल्टच्या सॉकेटमध्ये घाला, लगेच, त्याच क्षणी. कारण करंटच्या सॉकेटमध्ये मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स जवळजवळ शून्य असतो, आणि तसाच मीटर कोणी व्होल्टेज बघायला सप्लायच्या दोन टोकांवर टेकवला तर तो सरळ शॉर्ट सर्किट आहे. नशीब बरं असेल तर मीटरचा फ्यूज जातो. काही स्वस्त मीटरमध्ये १० अँपिअरच्या बाजूला फ्यूजच नसतो, तिथे काय होईल ते सांगायला नको. डायल व्होल्टवर फिरवली म्हणून हे टळत नाही, प्रोब कुठल्या भोकात आहे ते बघा.

शक्य असेल तर दोन मीटर वापरा. एकच मीटर असेल तर आधी करंट घ्या, मग मीटर काढून सर्किट परत जोडा आणि व्होल्टेज घ्या, पण हे लक्षात ठेवा की दोन रीडिंगच्या मध्ये सर्किट थोडं बदललेलं असतं.

आता एक पूर्ण उदाहरण करू

समजा एक रेझिस्टर आहे, त्यावरचं प्रिंट पुसलं गेलंय, आणि तो किती ओहमचा आहे आणि किती तापणार ते काढायचंय. १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर, त्याच्यापुढे करंटचा मीटर, त्यापुढे रेझिस्टर, आणि रेझिस्टरच्या दोन पायांवर व्होल्टचा मीटर. रीडिंग आलं करंट ०.२५२ अँपिअर, रेझिस्टरवर ११.८६ व्होल्ट.

रेझिस्टन्स: ११.८६ ÷ ०.२५२ = ४७.०६ ओहम. म्हणजे हा ४७ ओहमचा रेझिस्टर, ही व्हॅल्यू स्टँडर्ड मालिकेत येते त्यामुळे शंका उरत नाही.

पॉवर: ११.८६ × ०.२५२ = २.९९ वॅट. जवळजवळ तीन वॅट, आणि ही सगळी उष्णता होऊन बाहेर पडणार. म्हणजे इथे नेहमीचा छोटा पाव वॅटचा रेझिस्टर लावला तर तो काही सेकंदात काळा पडून धूर सोडेल. इथे सात वॅटचा पाहिजे, तो पांढरा चौकोनी सिमेंटचा असतो तो, आणि तोसुद्धा बोट लावू देणार नाही इतका तापतो, त्यामुळे पीसीबीला, म्हणजे सर्किटच्या बोर्डाला, चिकटवून न बसवता थोडा वर उचलून बसवायचा. नियम म्हणून हिशोबात आलेल्या वॅटच्या दुप्पट तरी रेटिंग घ्या, हे मी अगदी ठामपणे सांगतो, कारण रेटिंग लिहिलेलं असतं ते मोकळ्या हवेत ठरावीक तापमानापर्यंतचं, बंद डब्यातलं नाही.

आता त्याच वेळी अ‍ॅडाप्टरच्या टोकांवर बघितलं तर तिथे १२.०२ व्होल्ट आहेत. मग मधले ०.१६ व्होल्ट गेले कुठे? ते करंट मोजणाऱ्या मीटरमध्ये आणि त्याच्या प्रोबच्या वायरमध्ये पडले. ०.१६ ÷ ०.२५२ = ०.६३ ओहम, हा झाला मीटर आणि प्रोब मिळून रेझिस्टन्स. कोणी रेझिस्टरचं व्होल्टेज न घेता अ‍ॅडाप्टरचं १२.०२ घेतलं असतं तर उत्तर ४७.७ ओहम आलं असतं. इथे फरक छोटा वाटतो, पण हाच पार्ट ४७ ऐवजी १ ओहमचा असता तर उत्तर १.६३ आलं असतं, म्हणजे दीडपटीच्याही वर. तेव्हा छोटा रेझिस्टन्स असेल तर व्होल्टचे प्रोब थेट पार्टच्या पायांवर, करंटच्या मीटरच्या पुढे पार्टच्या बाजूला, वायरवर किंवा क्लिपवर नाही.

मोठ्या रेझिस्टन्सला उलटं होतं. डिजिटल मीटरचा व्होल्ट रेंजवरचा आतला रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो, त्यामुळे १ मेगाओहमच्या पार्टवर प्रोब टेकवले की थोडा करंट मीटरमधूनच जायला लागतो आणि हिशोबात ०.९१ मेगाओहम येतात. अशा वेळी व्होल्टचा मीटर सप्लायच्या बाजूला लावायचा, म्हणजे करंटच्या मीटरमधून फक्त पार्टचाच करंट जातो, आणि करंटच्या मीटरमध्ये पडणारं व्होल्टेज इतकं किरकोळ असतं की सोडून दिलं तरी चालतं.

एलईडीचा रेझिस्टर, म्हणजे त्याच नियमाची दुसरी बाजू

१२ व्होल्टवर एक लाल एलईडी लावायचाय, त्याला साधारण २ व्होल्ट लागतात, करंट २० मिलीअँप ठेवायचाय. रेझिस्टर किती? १२ ÷ ०.०२ करून ६०० लिहिलं तर चूक, कारण रेझिस्टरवर १२ व्होल्ट येतच नाहीत, त्यातले २ एलईडीने घेतले. रेझिस्टरच्या वाट्याला १० व्होल्ट, म्हणून १० ÷ ०.०२ = ५०० ओहम. ५०० बाजारात सहसा मिळत नाही, ४७० किंवा ५६० मिळतो. ४७० घेतला तर करंट २१.३ मिलीअँप, ५६० घेतला तर १७.९. मी ५६० घेईन, प्रकाशात फरक डोळ्याला कळत नाही आणि एलईडी जास्त टिकतो. पॉवर १० × ०.०१७९ = ०.१८ वॅट, पाव वॅटच्या आत बसतं खरं पण काठावर, म्हणून अर्ध्या वॅटचा लावा.

आणि एलईडीचा स्वतःचा रेझिस्टन्स २ ÷ ०.०२ = १०० ओहम असं कोणी सांगितलं तर तो आकडा फक्त त्या एका करंटपुरता खरा आहे. करंट निम्मा केला तरी एलईडीवरचं व्होल्टेज २ च्या जवळपासच राहतं, म्हणजे भागाकार लगेच २०० च्या आसपास जातो. अशा पार्टला ओहमचा नियम लागू नाही, पण व्होल्टेज गुणिले करंट हे पॉवरचं गणित मात्र तिथेही तंतोतंत लागू आहे. फोन चार्जरचंही असंच. ५ व्होल्टला २ अँपिअर म्हणजे १० वॅट हे बरोबर, पण फोनचा रेझिस्टन्स अडीच ओहम हे वाक्य काही कामाचं नाही.

फिलामेंटचा बल्ब बघा. २३० व्होल्ट ६० वॅटचा बल्ब, करंट ६० ÷ २३० = ०.२६ अँपिअर, रेझिस्टन्स २३० ÷ ०.२६१ म्हणजे साधारण ८८२ ओहम. तोच बल्ब बंद असताना, होल्डरमधून काढून, मीटरच्या ओहम रेंजवर बघा, तिथे याच्या दहाव्या-बाराव्या हिश्श्याएवढाच आकडा येईल. मीटर खराब नाही आणि बल्बही खराब नाही, टंगस्टन अडीच हजार डिग्रीच्या आसपास तापलं की त्याचा रेझिस्टन्स इतका वाढतो. म्हणून "एकाच वेळचे" हा शब्द मी वर घातला होता. गार असतानाचा रेझिस्टन्स घेऊन चालू असतानाची पॉवर काढायला गेलात तर ६० वॅटचा बल्ब सहा-सातशे वॅटचा निघेल.

पॉवरचे दुसरे दोन फॉर्म्युले आणि त्यातला खड्डा

दोन मूळ फॉर्म्युले एकमेकांत घातले की आणखी दोन मिळतात. पॉवर = करंटचा वर्ग × रेझिस्टन्स, आणि पॉवर = व्होल्टेजचा वर्ग ÷ रेझिस्टन्स. पहिला जूलच्या १८४१ च्या प्रयोगातून आलेला, वायरमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे त्याने पाण्याचं तापमान मोजून दाखवलं. तीनही फॉर्म्युल्यांनी उत्तर एकच यायला पाहिजे, आपल्या ४७ ओहमच्या रेझिस्टरला लावून बघा, तिन्हीकडे २.९९ येतं. नाही आलं तर एखादं रीडिंग दुसऱ्या जागेचं घेतलंय असं समजा.

खड्डा इथे आहे. समजा २० मीटर लांब दीड चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर टाकलीय आणि तिच्यावर १० अँपिअरचा लोड आहे. अशा वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला जास्तीत जास्त १२.१ ओहम धरतात, आणि जाणारी-येणारी मिळून ४० मीटर, म्हणजे ०.४८ ओहम. आता वायरमध्ये किती पॉवर वाया जाते? व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स हा फॉर्म्युला घेऊन त्यात २३० घातले तर उत्तर एक लाख वॅटच्याही पुढे जातं, जे अर्थातच अशक्य आहे. कारण २३० व्होल्ट वायरवर नाहीत, ते वायर आणि लोड मिळून दोघांवर आहेत. वायरच्या वाट्याचं व्होल्टेज १० × ०.४८४ = ४.८४ व्होल्ट, एवढंच. पॉवर १० × ४.८४ = ४८.४ वॅट. वायर, कॉन्टॅक्ट, वाइंडिंग (मोटरमधली तांब्याच्या वायरची गुंडाळी), असल्या गोष्टींना करंटच्या वर्गाचा फॉर्म्युला वापरा, कारण करंट सगळ्या सिरीज सर्किटमध्ये एकच असतो त्यामुळे चुकायला जागाच राहत नाही.

याच फॉर्म्युल्यातून लूज कनेक्शन का जळतं ते कळतं. टर्मिनलचा स्क्रू ढिला झाला आणि तिथे ०.२ ओहमचा रेझिस्टन्स तयार झाला, साध्या मीटरवर हा आकडा धड दिसतही नाही, प्रोबच्या वायरचाच तेवढा असतो. त्यातून १५ अँपिअरचा हीटर चालवला तर १५ × १५ × ०.२ = ४५ वॅट. चाळीस मीटर वायरमध्ये पसरलेले ४८ वॅट वायरला कळतही नाहीत, पण प्लगच्या एका पिनेएवढ्या जागेत ४५ वॅट म्हणजे सोल्डरिंग आयर्न आत ठेवल्यासारखं आहे. आधी पितळ काळपट होतं, मग प्लास्टिक पिवळं पडून वाकतं, वास येतो, आणि तापल्यामुळे कॉन्टॅक्ट अजून ढिला होऊन रेझिस्टन्स अजून वाढतो. एमसीबी मात्र शांत, कारण करंट १५ चाच आहे, वाढलेलाच नाही, आणि एमसीबीला फक्त करंट कळतो. त्यामुळे प्लग किंवा स्विच गरम लागतोय असं हाताला कळलं तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही, मेन बंद करून त्याच दिवशी स्क्रू तपासून घ्या.

लूज कॉन्टॅक्ट शोधायची खरी पद्धत ओहम रेंज नाहीच. लोड चालू ठेवून त्या जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे किती व्होल्ट पडतात ते बघायचं आणि करंटने भागायचं. १५ अँपिअरला ३ व्होल्ट पडत असतील तर ०.२ ओहम. बॅटरीच्या सर्किटवर हे कोणीही करू शकतं, गाडीचे इलेक्ट्रिशियन स्टार्टरच्या केबलला असंच तपासतात. मेन्सवर हे काम ज्याला सवय आहे त्यानेच करावं.

व्होल्टेज कमी झालं तर पॉवर किती कमी होते हेही लोक चुकीचं धरतात. हीटरवर २३० व्होल्ट आणि ८.७ अँपिअर मोजले, रेझिस्टन्स २६.४ ओहम, पॉवर २००१ वॅट. आता व्होल्टेज २१० झालं. हीटरची कॉइल नायक्रोमची असते, तिचा रेझिस्टन्स तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणून २६.४ च धरू. २१० × २१० ÷ २६.४ = १६७० वॅट. व्होल्टेज जेमतेम ९ टक्के उतरलं पण पॉवर साडेसोळा टक्के. उलट्या बाजूलाही तेच, व्होल्टेज थोडं चढलं की हीटर बराच जास्त तापतो.

पाणी तापवायचा हीटर असेल तर मीटरशिवायही पडताळणी होते. १ लिटर पाणी १ डिग्रीने तापवायला साधारण ४१८६ जूल लागतात. १५ लिटर पाणी २५ वरून ५५ डिग्रीला न्यायचं तर १५ × ३० × ४१८६, म्हणजे जवळजवळ १८ लाख ८४ हजार जूल, आणि २००० वॅटच्या हीटरला त्याला ९४२ सेकंद, पावणेसोळा मिनिटं. थोडी उष्णता टाकीतून बाहेर जाते म्हणून एखाद-दोन मिनिटं जास्त लागतील, पण पंचवीस मिनिटं लागत असतील तर एकतर व्होल्टेज फार कमी मिळतंय किंवा दोनपैकी एक कॉइल गेलीय.

एसी आणि मोटर

हीटर, इस्त्री असल्या लोडला एसीवर वरचं सगळं जसंच्या तसं चालतं, कारण मीटर दाखवतो ते आरएमएस व्होल्टेज, आणि आरएमएस म्हणजे तेवढीच उष्णता देणारं डीसी व्होल्टेज. २३० आरएमएसचं शिखर ३२५ व्होल्टला जातं, पण पॉवरच्या हिशोबात २३० च घालायचे. करंट क्लॅम्प मीटरने घ्या, तो वायरभोवती चिमट्यासारखा बसतो, वायर सोडवावी लागत नाही. फक्त क्लॅम्पमध्ये एकच वायर घ्यायची, फेज किंवा न्यूट्रल. दोन्ही मिळून असलेली केबल पकडली तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतात आणि मीटर शून्य दाखवतो.

मोटर आली की नियम बदलतात. समजा मोटरवर २३० व्होल्ट, २.४ अँपिअर, पॉवर फॅक्टर (व्होल्टेज गुणिले करंटमधला खरोखर वॅट होणारा हिस्सा) ०.८. गुणाकार ५५२ येतो पण ते वॅट नाहीत, व्होल्ट-अँपिअर आहेत. वॅट काढायला पॉवर फॅक्टरने गुणायचं, ५५२ × ०.८ = ४४२ वॅट. आणि २३० ÷ २.४ = ९६ ओहम हा रेझिस्टन्स नाही, तो इंपीडन्स आहे, म्हणजे एसी करंटला होणारा एकूण विरोध. मोटर बंद करून वाइंडिंगवर ओहम रेंज लावली आणि समजा १२ ओहम आले, तर तो खरा तांब्याचा रेझिस्टन्स, आणि त्याचा उपयोग वाइंडिंग किती तापेल हे काढायला: २.४ × २.४ × १२ = ६९ वॅट. परत तीच गोष्ट, वाइंडिंगच्या रेझिस्टन्सवर २३० व्होल्ट नसतात, म्हणून २३० चा वर्ग भागिले १२ करायचं नाही.

एलईडी बल्ब, कॉम्प्युटरचे सप्लाय, चार्जर यांचा करंट सलग लाटेसारखा येत नाही, टोकदार झटक्यांनी येतो, आणि साधा मीटर तिथे चुकीचं रीडिंग देतो. तिथे ट्रू आरएमएस लिहिलेलाच मीटर पाहिजे, आणि वॅट हवे असतील तर सरळ वॅटमीटर लावलेला बरा.

उत्तर किती आकड्यांपर्यंत लिहायचं

कॅल्क्युलेटर ४७.०६३४९२ दाखवतो म्हणून तेवढं लिहू नका. मीटरच्या माहितीपत्रकात व्होल्टला १ टक्का आणि करंटला २ टक्के चूक लिहिली असेल तर भागाकारात किंवा गुणाकारात ती मिळून ३ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे आपला रेझिस्टर ४५.७ ते ४८.५ च्या मध्ये कुठेही असू शकतो, आणि रेझिस्टरवर सोनेरी पट्टी असेल तर त्याची स्वतःची टॉलरन्सच, म्हणजे लिहिलेल्या व्हॅल्यूपासूनचा चालणारा फरक, ५ टक्के असते. करंटचा वर्ग घेतलात तर करंटची चूक दोनदा मोजली जाते, २ चे ४ टक्के, त्यात रेझिस्टन्सची वेगळी. म्हणून व्होल्टेज आणि करंट दोन्ही मोजलेले असतील तर पॉवर थेट त्यांच्या गुणाकारानेच काढा, मध्ये रेझिस्टन्स काढून त्यावरून परत पॉवर काढायचा वळसा घालू नका.